पहिल्या साच्याचा घोडा

६ जानेवारी

जुनी खेळणी जमवणाऱ्या आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा सकाळी फोन आला. ठरलं एकदाचं. एप्रिलच्या संमेलनात माझं पुस्तक निघणार आणि खेळण्यातल्या छोट्या घोड्यांत आधीचा कोणता, नंतरचा कोणता याबाबतीत यापुढे मंडळ माझाच क्रम प्रमाण मानणार. बाई म्हणाल्या, "तुमच्याइतकं काम दुसऱ्या कुणी केलेलंच नाही." मी म्हटलं, "ते मला माहीत आहे." फोन ठेवल्यावर वाटलं, जरा नमतं घ्यायला हवं होतं. पण खोटं काय बोलले? साठीला टेकलेल्या बाईने लाजायचं तरी किती.

डायरी मी कधी लिहिलेली नाही. पण पुस्तक कसं झालं हे पुढे कुणीतरी विचारणारच, तेव्हा आठवत बसायला नको म्हणून सुरू करते आहे.

खाली दुकानात जाऊन यांना बातमी दिली. यांचं फ्रेमा करण्याचं दुकान आहे, आणि वर आमचं घर. "छान झालं," म्हणाले, आणि हातातली काच पुसता पुसता विचारलं, "सगळे घोडे घेणार का गं पुस्तकात?" मी म्हटलं, "नाही, निम्मे घेते आणि निम्म्यांना वाईट वाटू देते." हे नुसतेच हसले. यांच्या उत्साहाला आग लागो.

९ जानेवारी

आमची लेक भिंगरी दुसऱ्या शहरात एका छापखान्यात पानं लावण्याचं काम करते. माझ्या पुस्तकाची पानंही तीच लावणार. तिने बजावलंय, "आई, ज्याने आयुष्यात तुझे घोडे पाहिलेले नाहीत त्यालाही कळलं पाहिजे." म्हणून प्रस्तावना पुन्हा लिहिली. ती अशी:

हे घोडे तळहातावर मावणारे, प्लास्टिकचे. ज्या कारखान्यात व्हायचे तो कधीच बंद पडला. एक घोडा म्हणजे एक पोलादी साचा, डावा अर्धा आणि उजवा अर्धा. दोन्ही अर्धे चिकटवले की पाठीवरून, पोटावरून, शेपटीवरून एक बारीक जोडरेघ राहते. एकाच साच्यातून वर्षानुवर्षं घोडे निघत. मधे साचा झिजे, कुणी त्यात ठसा कोरे, कुणाच्या हातून ओरखडा पडे. ते सगळं घोड्याच्या अंगावर उलटं उतरतं, साच्यातली खाच घोड्यावर उंचवटा होऊन येते. रंगावर विश्वास ठेवू नये, रंगारी काय, ज्या दिवशी जो डबा उघडा असेल तो फासणार. साचा मात्र खोटं बोलत नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. पोलादात कोरणं सोपं, पोलाद भरून काढणं महाकठीण. त्यामुळे घोड्याच्या अंगावर काही वाढलं तर तो नंतरचा. एखाद्याच्या अंगावरचं काही कमी झालेलं दिसलं तर आधी शंका घ्यायची.

मी जन्मभर डेंटल लॅबमध्ये दातांचे साचे केले. एखादी टोपी मूळच्या दातावर नंतर कुणी चढवली की नाही, हे मला नुसतं नख फिरवून कळतं. चिकटवलेला घोडाही मी हातात घेताक्षणी ओळखते. मंडळातल्या कितीजणांचे "दुर्मिळ प्रकार" मी असे निकालात काढले आहेत. बिचारे हिरमुसतात. पण काय करणार, आपला तो बाब्या. ज्याला त्याला आपलाच घोडा जगावेगळा वाटतो.

१३ जानेवारी

आज पहिलं प्रकरण. यासाठीच तर सगळा खटाटोप.

कारखान्याचा सगळ्यात छोटा घोडा, ज्याला आम्ही सगळे बुटका म्हणतो. पोटाखाली गोल ठसा असलेले बुटके नंतरचे. बिनठशाचे आधीचे. दोन्हींची शेपटी मोकळी, मागे उडालेली. फक्त माझ्या बुटक्याची शेपटी खाली वळून मागच्या पायाला टेकलेली आहे, टेकलेली म्हणजे चक्क एकजीव झालेली. आणि पोटावर ठसा नाही. म्हणजे हा अगदी पहिला साचा. पुढे तो मोडीत काढून मोकळ्या शेपटीचा दुसरा साचा केला असणार. पहिल्या साच्याचे बाकीचे घोडे बहुधा फुटले, हरवले. माझा उरला.

हा घोडा माझ्या आईचा. लहानपणी तो उंच फळीवर असायचा, आम्हाला हात लावायची बंदी. आई गेली आणि तिच्या सामानाच्या खोक्यातून तो आमच्याकडे आला. तेव्हा भिंगरी बालवाडीत होती आणि तिच्या खेळण्यांतही एक नवा बुटका होता. एक दिवस सकाळी दोन्ही घोडे टेबलावर शेजारी शेजारी दिसले, आणि माझ्या ध्यानात आलं की शेपट्या वेगळ्या आहेत. का वेगळ्या? त्या एका प्रश्नामागे मी इतकी वर्षं धावले. तो प्रश्न पडला नसता तर आज शेजारणींसारखी मालिका बघत बसले असते.

यांनी लगेच त्या घोड्याला काचेची पेटी करून दिली, चारी बाजूंनी बंद. "धूळ नको बसायला," म्हणाले. तेव्हापासून तो पेटीतच आहे. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, एरवी कितीही घुमा असला तरी.

२१ जानेवारी

भिंगरीला पहिलं प्रकरण पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. आज मीच फोन केला.

"आई, बाकीची प्रकरणं आधी लावते. हे शेवटी करू."

"पहिलं प्रकरण शेवटी? कुठल्या छापखान्यात शिकलीस हे?"

"तसं नाही गं. यात 'बहुधा' फार आलंय. बाकी पुस्तकात तू कशी ठासून सांगतेस."

पोरीचं निरीक्षण बरोबर होतं म्हणून जास्त राग आला. बसून सगळे "बहुधा" खोडले आणि त्या जागी "निश्चितच" घातलं. आता वाचायला छान वाटतंय.

४ फेब्रुवारी

जेवताना हे म्हणाले, "मी काय म्हणतो, तो आईचा घोडा पुस्तकात घालायलाच हवा का? घरातली वस्तू आहे. उगीच चारचौघांत कशाला?"

मी विचारलं, "तुम्हाला नक्की काय खुपतंय?"

"मला काय खुपणार," म्हणाले आणि पाणी प्यायले. पेला रिकामा झाल्यावरही पीतच होते.

मला वाटतं यांना थोडा मत्सर वाटत असावा. साहजिक आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोटोंना चौकटी केल्या, आणि आता बायकोचा फोटो पुस्तकाच्या मागच्या पानावर येणार. मी काही बोलून दाखवलं नाही. सांभाळून घ्यायला हवं.

१६ फेब्रुवारी

आज दाढीवाले येऊन गेले. दाढीवाले म्हणजे मंडळातले जुने सभासद. बोलणं मऊ, नजर मात्र सुईसारखी. माझ्याखालोखाल बुटके कुणाला कळत असतील तर या दाढीवाल्यांना. प्रमाण क्रम जाहीर करण्याआधी पुस्तक वाचायचं काम मंडळाने त्यांच्यावर सोपवलंय.

चहा झाला. पेटी आणून समोर ठेवली. त्यांनी काचेतूनच भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "गळ्याखाली बारीक उंचवट्याची रेघ आहे, ती इतर बुटक्यांनाही आहे ना?"

"सगळ्यांना आहे. साच्यावरच्या ओरखड्याची रेघ ती. पान बारावर लिहिलंय."

"हो, वाचलं. म्हणून तर विचारतोय. ओरखडा एका साच्यावरचा. तुम्ही म्हणता साचे दोन. मग दोन्ही साच्यांवर तोच ओरखडा, त्याच जागी?"

मी म्हटलं, "दोन्ही साचे एकाच मूळ नमुन्यावरून काढले असतील, तर ओरखडा नमुन्यावरचा."

"असेल," म्हणाले. "नमुन्यावर ओरखडा असता तर घोड्यावर खाच आली असती, उंचवटा नाही. पण असेलही. पेटीतून बाहेर काढून दाखवाल का एकदा?"

तेवढ्यात हे आत आले, "आज उजेड बरा नाही" असं म्हणाले आणि पेटी उचलून घेऊनच गेले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. दाढीवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि दुसरं बिस्किट घेतलं. मी शरमून गेले. त्यांना ठासून सांगितलं की संमेलनात व्यासपीठावर सगळ्यांसमोर पेटी उघडून घोडा हातात देईन. ज्याला भिंग लावायचं त्याने लावावं.

"फारच छान," म्हणाले. जाताना मात्र उंबऱ्यात थांबून म्हणाले, "पुस्तक उत्तम आहे. मनापासून सांगतो. पहिलं प्रकरण सोडून सगळंच्या सगळं."

१७ फेब्रुवारी

खाचेचं आणि उंचवट्याचं डोक्यातून जात नाही. माणूस बरोबर बोलला. नमुन्यावर ओरखडा तर घोड्यावर ओरखडाच यायचा. लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. मी कसं काय बोलून गेले?

चूक माझ्या उत्तरात असेल, घोड्यात नाही. घोडा समोर आहे, शेपटी पायाला जुळलेली आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला. दोन्ही साच्यांवर ओरखडा येण्याचं काहीतरी कारण असणारच. शोधून काढेन.

२६ फेब्रुवारी

कारण मिळालं नाही. पहिलं प्रकरण मात्र चार पानांनी वाढलं आहे.

५ मार्च

भिंगरीने सगळी पानं लावून पाठवली, पहिल्या प्रकरणाची सोडून. त्याला म्हणे फोटो नाही. काचेतून काढलेल्या फोटोत माझाच चष्मा दिसतो. म्हणून यांना म्हटलं, पेटी उघडून द्या.

"काच काढायची तर हादरा बसेल. घोडा जुना आहे."

"मग हळू काढा."

"कटर धार लावायला दिलाय."

"कधी येणार?"

"बघू."

कटर दुकानातल्या खिळ्यावर लटकत होता. मी दाखवला. म्हणाले, तो दुसरा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला साधी थाप मारता येत नाही, आणि तरी मारायची हौस.

११ मार्च

काहीतरी शिजतंय. हे दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगरीशी फोनवर दबक्या आवाजात बोलत होते. "तूच सांग तिला," असं हे म्हणत होते. मग, "नाही, तुझं नाव मी कशाला घेऊ, तू केवढीशी होतीस." मी पायरीवर दिसले तर म्हणाले, "रॉंग नंबर."

माझा साठावा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. बापलेकीने काहीतरी मोठा घाट घातलेला दिसतो. भिंगरी लहान असतानाचे फोटो बिटो लावणार असतील. मी आपली मूग गिळून बसले आहे. लोकांचा आनंद कशाला घालवा.

१५ मार्च

हे दुकानाचा माल आणायला गेले होते. संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. मी लॅबमधली जुनी हत्यारं काढली आणि पेटी स्वतः उघडली. अर्ध्या तासाचं काम. कुठे हादरा आणि कुठे काय.

घोडा हातात घेतला. आईचा घोडा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हातात. सवयीने अंगठ्याचं नख पाठीवरच्या जोडरेघेवरून फिरवत शेपटीपर्यंत नेलं. शेपटीच्या मुळाशी रेघ थांबली. पुढे शेपटीवर पुन्हा सुरू झाली, पण एक केस बाजूला.

भिंग लावायची गरज नव्हती, तरी लावलं. शेपटी मुळाशी तुटली होती आणि परत बसवली होती. सुबक काम. पायाशी जिथे ती "एकजीव" आहे तिथे गरम सुईने दोन्हीकडचं प्लास्टिक वितळवून एकत्र ओढलंय आणि वरून गोंदाचा थेंब. गोंद पिवळा पडलेला. हा पिवळेपणा मला माहीत आहे. आमच्या घरातल्या एकूण एक फ्रेमच्या कोपऱ्यात तो आहे.

चहा टाकला तो उकळून उकळून आटला.

मग पेटीच्या काचा परत बसवल्या. यांना कळणार नाही अशा. तेही काम सुबकच झालं, मी काही कमी नाही.

१६ मार्च

जगाचे घोडे तपासले आणि घरातला तपासला नाही. हिने तिने काय चिकटवलं ते मला नखाने कळतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच बैठकीत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि हा गृहस्थ रोज समोर बसून चहा पितो, मी पहिल्या साच्यावर व्याख्यानं देते, आणि हा मान डोलावतो. इतकी वर्षं. किती हसला असेल मनात.

आणि ती कार्टी. "यात 'बहुधा' फार आलंय." तिलाही माहीत आहे. आता सगळे फोन कळले. वाढदिवस कसला डोंबलाचा.

सगळ्यात वाईट हे, की सुरुवातच या घोड्यापासून झाली. त्या शेपटीमुळे मी शोधायला लागले. आज ती शेपटी यांच्या गोंदाची निघाली. मग मी इतकी वर्षं जे केलं ते काय होतं? संमेलनात सगळ्यांसमोर पेटी उघडणार आहे. मंडळात मी किती जणांना हिरमुसलं केलंय, सगळे पहिल्या रांगेत बसतील.

यांना काही बोलले नाही. बोलायला सुरुवात केली तर कुठे थांबेन ते सांगता येत नाही.

१८ मार्च

आज घर झाडायला घ्यावं तसं पहिलं प्रकरण काढून टाकलं. म्हटलं बघू तरी, याच्याशिवाय काय उरतं.

आणि सगळं जागेवर बसलं. साचा एकच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. गळ्याखालची रेघ बिनठशाच्या घोड्यांत बारीक, गोल ठशाच्यांत जाड, शेवटच्यांत आणखी जाड. साचा जसजसा वापरला तसा ओरखडा रुंदावत गेला. म्हणजे नुसत्या रेघेच्या जाडीवरून बुटक्याचा काळ सांगता येतो, ठसा पुसट झाला असला तरी. हे अजून कुणीच सांगितलेलं नाही, दाढीवाल्यांनीही नाही. माझ्याच कपाटात हे सगळं इतकी वर्षं रांगेने उभं होतं, आणि मी तो एक घोडा मधे खुपसून रांग मोडत होते.

दिवसभर कपाटातून घोडे काढून मोजत, मांडत होते. संध्याकाळी मनमोकळं हसू आलं. रांग बरोबर लागली की मला दुसरं काही नको असतं, मग ती कुणामुळे का लागेना. नवं पहिलं प्रकरण एका बैठकीत लिहिलं. एकदाही "निश्चितच" लिहावं लागलं नाही.

भिंगरीला पाठवलेलं नाही. यांना कळवलेलं नाही. बापलेकीला जरा शिजू दे.

२२ मार्च

मी जेवताना मुद्दाम म्हटलं, "उद्या पुस्तक छपाईला जातंय. पहिल्या साच्याचा घोडा मुखपृष्ठावर घ्यायचं ठरवलंय. हा एवढा मोठा."

यांचा घास हातातच राहिला. नंतर मी भांडी घासत होते तर हे मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नळ बंद कर. बोलायचंय."

मला वाटलं होतं मजा येईल. आली नाही. यांचा चेहरा बघवत नव्हता.

"तो घोडा पहिल्या साच्याचा नाही," म्हणाले. "शेपटी तुटली होती. मी चिकटवलीय."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, पूर्ण ऐकून घेऊ.

"आईंच्या सामानाचं खोकं आलं त्या दिवशी. भिंगरीने घोडा काढला आणि तिच्या हातून पडला. पोर घाबरून कॉटखाली जाऊन बसली. शुक्रवार होता. बारा ऑक्टोबर. मी दुकान उघडलंच नाही. दुपारभर ती शेपटी बसवत होतो. बसली तरी लोंबायची, म्हणून टोक पायाला टेकवलं आणि तिथेही चिकटवलं. म्हटलं, निदान परत तुटायला नको."

"सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? आई गेल्यापासून तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. जेवायला उठवलं तर उठायचीस, बस म्हटलं तर बसायचीस. एक शब्द नाही. माझ्याशी नाही, भिंगरीशी नाही. डॉक्टर म्हणायचे वेळ द्या. मी घाबरून गेलो होतो गं. त्यात आईंची एकच वस्तू तू मागून घेतली होतीस, ती मोडली, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

मला यातलं फारसं आठवत नाही. भिंत आठवते. तिला एक तडा होता.

"दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीने दोन्ही घोडे टेबलावर आणून ठेवले. तिला बघायचं होतं, तुला कळतंय का. तू आलीस, पाहिलंस, आणि मला हाक मारलीस. 'अहो, इकडे या. ह्याची शेपटी बघा, वेगळी आहे.' मी दुकानातून धावत वर आलो. तू बोलत होतीस. थांबतच नव्हतीस. साचा म्हणालीस, जोडरेघ म्हणालीस, डोळे चमकत होते तुझे. आता तुला सांगू, की हे मी चिकटवलंय म्हणून?"

मग म्हणाले, "नंतर रोज वाटायचं आज सांगावं. पण तू तेवढ्यात आणखी एक घोडा आणायचीस. भिंगरी म्हणत होती मी सांगते. मी म्हटलं, नको, चिकटवलं मी, निस्तरतो मी. पुस्तक थांबव. मंडळाला हवं तर माझं नाव सांग. मी येतो तिथे."

मला सगळं आधीच कळलं होतं, असं वाटत होतं. हे कळलं नव्हतं. मी यांचा ओला झालेला सदरा धरून बराच वेळ रडले. माझे हात साबणाचे होते. आईसाठी तेव्हा रडले होते की नाही तेही मला आठवत नाही.

बऱ्याच वेळाने सांगितलं की पेटी मी मागच्याच आठवड्यात उघडली होती. यांनी जाऊन काचा पाहिल्या, बोट फिरवलं, आणि म्हणाले, "बसवल्यास छान." मग भिंगरीला फोन लावला. ती इतकी रडली की शेवटी मलाच तिला रागवावं लागलं.

२८ मार्च

पुस्तक छपाईला गेलं. मुखपृष्ठावर रांगेत उभे बुटके, बारीक रेघेपासून जाड रेघेपर्यंत.

यांनी विचारलं, आईचा घोडा दुरुस्त करून देऊ का, पायापासून शेपटी सोडवून? मी म्हटलं, हात लावाल तर खबरदार.

१९ एप्रिल

संमेलन झालं. सभागृह भरलं होतं. मी ठरल्याप्रमाणे पेटी घेऊन व्यासपीठावर गेले, सगळ्यांसमोर उघडली आणि घोडा दाढीवाल्यांच्या हातात दिला. म्हटलं, "हा मी आयुष्यभर पहिल्या साच्याचा समजत होते. हा चिकटवलेला आहे. कुठे, ते तुम्ही सांगा."

त्यांनी भिंग लावलं, नख फिरवलं, मान हलवली. पहिल्या रांगेत बरीच चुळबुळ झाली. एकदोघींचे चेहरे फारच खुलले, त्यांचा हक्कच आहे तो. मग मी बुटक्यांची रांग मांडली आणि गळ्याखालची रेघ कशी वाढत जाते ते दाखवलं. हळूहळू लोक खुर्च्या सोडून पुढे आले, खिशातून आपापले बुटके काढून गळे चाचपायला लागले. दाढीवाल्यांनीही काढला. मंडळाने क्रम तिथल्या तिथे मान्य केला. मान्य होणारच होता.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा दाढीवाल्यांनी आईचा घोडा परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "वाईट वाटतं. घोड्याचा काळ रेघेवरून कळतो, पण नेमकी ही शेपटीच बिनतारखेची राहिली."

"कोण म्हणतं?" मी म्हटलं. "बाकीच्यांचं मी फार तर वर्ष सांगते, तेही एखाद्या वर्षाने इकडेतिकडे. याची शेपटी बारा ऑक्टोबरची. शुक्रवार, दुपार."

"इतकं नेमकं कशावरून सांगता?"

"त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोलायला लागले त्यावरून."

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. सेक्रेटरीबाईंनी पुढचा प्रश्न घेतला. मागच्या रांगेत हे खाली मान घालून बसले होते आणि भिंगरी आपल्या पर्समध्ये त्यांच्यासाठी रुमाल शोधत होती.